पहिले पंधरा आठवडे: कॉलेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

दर वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गावर पहिला तास घेताना मी एकच प्रश्न विचारते. या सत्रात तुम्हाला एकूण किती विषय आहेत आणि कोणत्या विषयाला किती क्रेडिट? भरलेल्या वर्गात दोन-तीन हात वर होतात. बाकीची मुलं एकमेकांकडे बघतात. बारावीपर्यंत हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. शाळा वेळापत्रक देते, वर्गशिक्षक परीक्षेचा फॉर्म भरून घेतात, दोन दिवस दांडी मारली तर घरी फोन जातो. कॉलेजात सूचना फलकावर लागते किंवा ग्रुपवर पडते आणि ती वाचली की नाही हे बघायला कुणी येत नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एफ.वाय.ला असताना जुलै महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज खिडकीवर दिला आणि काम झालं असं समजून निघून आले. पोच घेतली नाही. फेब्रुवारीत कळलं की अर्ज पुढे गेलाच नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्याची एक प्रत कमी होती. तशा अर्जांची यादी सप्टेंबरमध्ये फलकावर लागली होती, त्यात माझं नाव होतं, आणि त्या फलकापुढून मी रोज जात होते. कार्यालयाने मला बोलावून सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या वर्षीची फी वडिलांनी सोसायटीच्या पीककर्जातून भरली, कार्यालयाने नाही. तेव्हापासून कुठलाही कागद दिला की पोच घेते आणि पंधरा दिवसांनी जाऊन विचारते.

पुढे जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीला नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. त्यातही ज्यांच्या घरी विचारायला कुणी नाही त्यांच्यासाठी. क्रम सत्राच्या आठवड्यांप्रमाणे ठेवलाय.

वर्ग सुरू होण्याआधी: एक हिशेब

आधी क्रेडिट म्हणजे काय ते समजून घ्या, मराठीत श्रेयांक. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना लागू झाली. तीत सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात वर्गातल्या १५ तासिका. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटच्या थिअरीला ३० तासिका आणि चार क्रेडिटला ६०.

इथवर वर्गात सांगितलं जातं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. थिअरीत त्यातले १५ वर्गात होतात. उरलेले १५ तास वाचन, सराव, गृहपाठ, प्रकल्प यांचे. ते तुम्ही स्वतः करायचे, असं गृहीत धरूनच हा आराखडा बांधलाय.

आता २२ क्रेडिट गुणिले ३० तास करा: ६६०. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४४ तास. ही पूर्णवेळ नोकरी झाली. तिचा अर्धा भाग वेळापत्रकात छापलेला असतो आणि अर्धा कुठेच छापलेला नसतो. "मी सगळे तास केले तरी मार्क का पडले नाहीत" असं रडवेलं होऊन विचारणाऱ्या मुलीला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते. तिने तिच्या बाजूने काहीच चुकवलेलं नसतं; दुसऱ्या अर्ध्याबद्दल तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिला आठवडा: अभ्यासक्रम स्वतः वाचा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुमच्या शाखेचा, तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो उतरवून घ्या आणि तुमच्या विषयांची पानं छापून घ्या. वीस-पंचवीस पानांची झेरॉक्स होईल. गाईड विकत घ्यायच्या आधी हे करा. वर्ष नीट तपासा, कारण जुना अभ्यासक्रमही त्याच पानावर पडलेला असतो आणि दर वर्षी कुणीतरी त्यावरून अभ्यास करून परीक्षेला जातं.

त्यात चार गोष्टींवर पेनाने खूण करा. प्रत्येक घटकाला किती तासिका दिल्यात. अंतर्गत गुण किती आणि सत्रान्त परीक्षेचे किती (काही विद्यापीठांत ३०-७०, काहींत ४०-६०). संदर्भग्रंथांच्या यादीतली पहिली दोन-तीन नावं. आणि 'कोर्स आउटकम' नावाखाली लिहिलेली वाक्यं. ही वाक्यं रुक्ष असतात, पण 'विद्यार्थ्याला अमुक काढता येईल, तमुक स्पष्ट करता येईल' असं जे तिथे लिहिलेलं असतं, त्यातूनच प्रश्न निघतात. पेपर काढणाऱ्यांच्या टेबलावर हेच पान उघडं असतं. मी स्वतः पेपर काढते म्हणून सांगते.

विषयांच्या आधी मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरं दिसतील. घाबरू नका. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय, व्हीएससी आणि एसईसी कौशल्यांचे, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. सीसीमध्ये एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असं येतं. ओई आणि मायनर निवडताना मैत्रिणीने काय घेतलं हे बघू नका. वाणिज्यची मुलगी असाल आणि पुढे स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर राज्यशास्त्राची ओई घ्या. विज्ञानाचा मुलगा असाल आणि घरचं दुकान पुढे चालवायचं असेल तर हिशेबाची. निवड बदलण्याची मुदत सुरुवातीच्या थोड्या दिवसांचीच असते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात.

पहिला आणि दुसरा आठवडा: कागद

एक जाड फाईल घ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्ड, बँक पासबुक, यांतलं जे तुम्हाला लागू आहे त्याच्या तीन-तीन प्रती. फी भरल्याची प्रत्येक पावती. मूळ कागद पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलंय.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते याच आठवड्यात बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, किंवा एका जागी 'ई' आणि दुसऱ्या जागी 'आय', एवढ्यावरून मुलं अडकतात. कारण आता तुमचे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा होतात. डिजिलॉकरमधून तुमचा बारा आकडी क्रमांक तयार होतो, आता त्यालाच 'अपार' म्हणतात. तो तयार करा, कॉलेजला द्या आणि सत्राच्या निकालानंतर त्यात क्रेडिट खरंच आले का ते उघडून बघा. पुढे कॉलेज बदलायचं झालं, किंवा घरच्या अडचणीने वर्षभर थांबावं लागलं, तर हीच नोंद कामाला येते. नव्या रचनेत एका वर्षानंतर ठरावीक जादा क्रेडिट करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. विशेषतः मुलींनी हे घरी सांगून ठेवावं: मध्येच थांबावं लागलं तरी केलेलं शिक्षण बुडत नाही आणि परत यायला दार आहे.

दुसरा ते चौथा आठवडा: पैसा

शिष्यवृत्त्यांचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या ज्यांना लागू नाहीत त्यांच्यासाठी आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत आणि बदलत असतात. त्या त्या योजनेच्या पोर्टलवर तिचं नाव उघडून पात्रता स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याने जी योजना निवडली ती बरोबरच असेल असं धरून चालू नका. चुकीच्या योजनेत भरलेले अर्ज मी दर वर्षी बघते.

अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे काम संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. कुठे अडकलाय हे तुमच्याच लॉगिनमध्ये दिसतं. दर पंधरा दिवसांनी बघा, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. त्रुटीसाठी परत आला असेल तर तो तुमची वाट बघत तिथेच पडून राहतो. दुसरं, तुमचं बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. सरकारी पैसे जमा होण्यासाठी त्याचं 'सीडिंग' झालेलं लागतं. बँकेत जाऊन हाच शब्द वापरून विचारा. आणि दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा नूतनीकरणासाठी भरावा लागतो, आपोआप काही होत नाही.

कॉलेजच्या कार्यालयात 'कमवा आणि शिका'ची चौकशी जरूर करा. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बाग, कार्यालयातली नोंद, अशी कामं असतात आणि तासाप्रमाणे पैसे मिळतात. काही मुलांना लाज वाटते. मला त्यांना सांगावंसं वाटतं की कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती याच विचारावर. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे शब्द रयतच्या शाळांत शिकलेल्या कुणालाही पाठ असतील. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात गरीब घरची मुलं अंगमेहनत करत पदवीधर झाली. आज आपल्या अनेक विद्यापीठांमध्ये ही योजना आहे, ती त्यांच्यामुळे. फक्त एक सांभाळा: हे काम अभ्यासाच्या अर्ध्या हिश्श्यातून कापून घेऊ नका. रात्रीची डिलिव्हरीची नोकरी करून सकाळी वर्गात झोपणारी मुलं माझ्याकडे आहेत. त्यांना मी रागवत नाही, पण त्यांच्याबरोबर बसून आठवड्याचे तास मांडते आणि कुठली योजना हुकली होती ते शोधते. बहुतेक वेळा एखादी हुकलेली असतेच.

तिसरा आठवडा: आठवडा आखा

वर्गाचे तास, एसटीचा प्रवास, घरचं काम, जेवणखाण, झोप हे सगळं एका कागदावर भरा. जे कोरे चौकोन उरतात ते तुमचे. एसटीत रोज दोन तास जात असतील तर ते वाचायला धरू नका, खिडकीत जागा मिळतेच असं नाही. पण ऐकायला धरा. कोऱ्या चौकोनांत प्रत्येक विषयाचं नाव टाका आणि मेजरला सगळ्यात जास्त जागा द्या. सरासरी काढताना क्रेडिटने गुणलं जातं: चार क्रेडिटच्या विषयात ८ ग्रेड पॉइंट आणि दोन क्रेडिटच्या विषयात १० मिळाले तर ३२ अधिक २० भागिले ६, म्हणजे ८.६७. चार क्रेडिटचा विषय दुप्पट वजनाचा असतो, वेळही त्याच प्रमाणात.

घरच्यांना सत्राच्या तारखा सांगा. ही पायरी मी मुद्दाम वेगळी काढून सांगते, कारण आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं आणि नेमक्या त्याच सुमारास अंतर्गत परीक्षा लागतात. घरी आधी सांगितलेलं नसतं, मग ऐनवेळी आईवडिलांचाही नाइलाज आणि मुलाचाही. तारखांचा कागद भिंतीवर चिकटवा. आईला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. चार दिवस शेतात लागणारच असतील तर आम्हाला आधी सांगा. आधी सांगणाऱ्यासाठी बहुतेक शिक्षक वाट काढतात. हजेरीची अट साधारण ७५ टक्क्यांची असते, म्हणजे तीस तासिकांत सातांपेक्षा जास्त चुकवता येत नाहीत. त्या सात तासिका कशासाठी राखायच्या हे तुम्हीच ठरवा आणि त्या सप्टेंबरात कँटीनवर उधळू नका.

रोज: तासाला आणि त्याच संध्याकाळी

तासाला बोललेला प्रत्येक शब्द उतरवू नका. व्याख्या, आकृती, उदाहरण आणि जे समजलं नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह, एवढं पुरे. खरं काम संध्याकाळचं. वही मिटा आणि कोऱ्या कागदावर आजच्या तासाला काय झालं ते आठवून पाच-सात ओळींत लिहा. मग वही उघडून ताडून बघा. जे आठवलं नाही ते तुम्हाला आलेलं नाही, वर्गात कितीही समजल्यासारखं वाटलं असलं तरी. दहा मिनिटं लागतात. मी आजवर जेवढ्या मुलांना हे करायला लावलं त्यांच्यातला फरक मला दिवाळीच्या आत दिसला. वही पुन्हा पुन्हा वाचत बसण्याने आणि रंगीत पेनाने रेघा मारण्याने तसा फरक मी पाहिलेला नाही.

चौथा आठवडा: विचारायला शिका

यावर मला जास्त लिहायचंय, कारण मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात.

"काही शंका?" असं विचारल्यावर वर्ग गप्प बसतो. तास संपल्यावर एखादी मुलगी दारापर्यंत येते, म्हणते, "मॅडम, ते काही समजलं नाही." मी विचारते, काय? ती म्हणते, "सगळंच." आता 'सगळंच' याला मी दोन मिनिटांत काय उत्तर देणार? मी पुन्हा तेच सांगते, ती मान हलवते, आणि दोघीही तिथेच राहतो.

एकदा एक मुलगा आला. निफाडकडचा, घरी कांदा. त्याने विचारलं: "मॅडम, मागणीची लवचिकता इथपर्यंत कळली. किंमत १० टक्के वाढली आणि मागणी ५ टक्केच घटली तर लवचिकता ०.५, म्हणजे मागणी कमी लवचीक. कांद्याचं तसं आहे, महाग झाला तरी लोक घेतातच. मग हे तर शेतकऱ्याच्या फायद्याचं झालं. तरी कांदा जास्त पिकला की आम्ही बुडतो, ते कसं?"

हा प्रश्न कसा बांधलाय बघा. इथपर्यंत कळलं हे त्याने आधी सांगितलं. मग स्वतःचं उदाहरण घेतलं. मग नेमकी गाठ कुठे बसलीय ते दाखवलं. उत्तर द्यायला मला फळ्यावर तीन ओळी पुरल्या. लवचिकता ०.५ असेल तर १० टक्के जास्त माल खपायला किंमत २० टक्के उतरावी लागते. शंभर क्विंटल दोन हजारांच्या भावाने दोन लाख रुपये; एकशेदहा क्विंटल सोळाशेने एक लाख शहात्तर हजार. माल वाढला आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे हाती येणारे पैसे, चोवीस हजारांनी कमी झाली. ज्या गुणामुळे टंचाईत भाव कडाडतो, त्याच गुणामुळे पीक भरभरून आलं की भाव कोसळतो. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे लासलगावला दर वर्षी हेच होतं." पुढच्या सत्रात किंमत-उत्पन्न संबंध त्याला मी शिकवावा लागला नाही, तो त्याने घरच्या पट्ट्या घेऊन स्वतः करून आणला.

तेव्हा तुम्हीही प्रश्न कागदावर याच तीन भागांत लिहून आणा: इथवर कळलं, माझं उदाहरण हे, गाठ इथे आहे. लिहितानाच निम्म्या गाठी सुटतात. शिक्षक कुठल्या वेळी विभागात बसतात ते विचारून घ्या आणि त्या वेळी जा. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला विचारू नका. एखादे सर चिडले तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा किंवा त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांकडे जा. तुमच्या तोडक्या भाषेमुळे, गावाच्या बोलीमुळे प्रश्न लहान होत नाही. 'व्हतं', 'नव्हं' म्हणत विचारलेले प्रश्न मला माझ्या आख्ख्या नोकरीत सगळ्यात जास्त आवडलेत.

मोबाईलवरच्या एआयला विचारणारे आता बरेच आहेत. विचारा. पण आधी स्वतः कागदावर प्रयत्न करा, आणि तो जे सांगेल ते पुस्तकाशी ताडून बघा, कारण चुकीचं उत्तरही तो तेवढ्याच ठामपणे देतो. त्याच्याकडून लिहून घेतलेला गृहपाठ जमा करू नका. तोंडी परीक्षेत त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला जातो आणि मुलांचे चेहरे उतरतात, ते बघवत नाही.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून आलात म्हणून मागे आहात असं नाही. कला आणि वाणिज्यचे बरेच पेपर अनेक विद्यापीठांत मराठीतून लिहिता येतात. आपल्या विषयाचं माध्यम कोणतं ते अभ्यासक्रमात आणि परीक्षा अर्जात बघा. विज्ञानाला इंग्रजीला पर्याय नसतो. त्यांनी एक वही करावी: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी, खाली स्वतःच्या शब्दांत अर्थ. राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत आणि ते ऑनलाइन फुकट बघता येतात. संकल्पनाच कळत नसेल तर मराठी विश्वकोशात ती नोंद उघडा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली उभं राहिलेलं हे काम आज मोबाईलवर फुकट मिळतं. कल्पना आधी मराठीत पक्की झाली की इंग्रजी वाक्यं निम्मी हलकी होतात. रोज संदर्भग्रंथाचं एक पान, एकच, पण शब्द शोधून पूर्ण. पंधरा आठवड्यांत शंभर पानं होतात.

पाचव्या आठवड्यापासून: ग्रंथालय आणि बाहेरचे वर्ग

ग्रंथालयाचं कार्ड फीमध्येच भरलेलं असतं. संदर्भग्रंथांची यादी घेऊन जा आणि ग्रंथपालांना दाखवा. यादी घेऊन येणारा विद्यार्थी दिसला की त्यांना किती बरं वाटतं ते बघालच. कॉलेजला इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट सुविधा असेल तर तिचा पासवर्ड मागून घ्या, हजारो पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे.

वर्गात एखादा विषय नीट शिकवला जात नसेल, जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे सर मध्येच सोडून गेले, असं होतं आणि वारंवार होतं. त्याबद्दल प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, चार-पाच जणांच्या सह्यांनी, पोच घेऊन. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलवर (वरच्या आदिवासी मुलांच्या योजनेहून हे वेगळं) नाव नोंदवून शिकणं मोफत आहे, परीक्षेला तेवढं शुल्क लागतं. विद्यापीठाने मान्य केलेले असतील तर सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून मिळवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे. नोंदणीआधी कॉलेजच्या समन्वयकांकडून 'हा कोर्स चालेल' असं लेखी घ्या.

आठवा ते तेरावा आठवडा: अंतर्गत गुण आणि परीक्षेचा अर्ज

अंतर्गत गुण हातचे असतात आणि तेच सगळ्यात निष्काळजीपणे घालवले जातात. अनेक विद्यापीठांत अंतर्गत आणि सत्रान्त दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. गृहपाठ दिल्याची सही घ्या, जमा करण्याआधी फोटो काढून ठेवा. परीक्षेचा अर्ज विलंब शुल्काशिवायच्या तारखेत भरा आणि विषयांचे कोड अभ्यासक्रमाच्या पानाशी जुळवून बघा. एका कोडची चूक हॉल तिकिटावर येते आणि मग परीक्षेच्या सकाळी धावपळ होते.

मागच्या प्रश्नपत्रिका आता काढा. नुसत्या बघू नका. घड्याळ लावून एक तरी पूर्ण पेपर हाताने लिहा. वर्षभर मोबाईलवर टाईप केलेल्या हाताला सलग दोन तास लिहायची सवय राहिलेली नसते.

रॅगिंग, छळ, जातीवरून टोमणे असं काही होत असेल तर ते सहन करणं ही तुमची जबाबदारी नाही. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मुलींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. बाकी तक्रारींसाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो. लेखी द्या, तारीख घाला, प्रत ठेवा.

निकालानंतर

निकाल लागला की गुणपत्रिका उतरवून फाईलला लावा. एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण दिसले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. त्यासाठीची मुदत निकालापासून थोड्याच दिवसांची असते, परिपत्रक त्याच दिवशी शोधा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क माहिती अधिकारात बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच स्पष्ट केलंय. छायाप्रत घेऊन विषयशिक्षकांकडे बसा. बेरीज चुकलीय का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघा. तसं असेल तर पुनर्मूल्यांकन टाका. तसं नसेल तर कुठल्या उत्तराला किती मिळाले आणि का, ते विचारा आणि लिहून घ्या.

विषय राहिला तर एटीकेटीचे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचे, नियम वाचा, पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात ते मोजा आणि घरी त्याच दिवशी सांगा. लपवलेला निकाल मी मुलांच्या पाठीवर ओझ्यासारखा वर्षभर बघितलाय. विषय पुन्हा देता येतो. ज्या संध्याकाळी सांगाल त्या संध्याकाळी घरात थोडं वाजेल, नंतर सगळे मिळून मार्ग काढतील.

मग डिजिलॉकर उघडून क्रेडिट जमा झाले का बघा, महाडीबीटीची स्थिती बघा, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. छापायच्या आधी वरचं वर्ष तपासा.